लहान नभोवाणी केंद्राची दवंडी

पूर्वीं गांवांत कांहीं वार्ता कळवावयाची असली म्हणजे दवंडी पिटीत असत. हलगीवाला चावडीपासून निघे, प्रत्येक आळीच्या तोंडाशीं थांबे, आणि त्याचे शब्द संपण्यापूर्वींच बायका उंबऱ्यापर्यंत येत. नभोवाणीचा आवाज तर एका क्षणांत सगळ्या घरांत पोंचूं शकतो; परंतु गंमत अशी कीं, लहान केंद्र निघालें म्हणजे त्याचीच दवंडी पिटण्याची पाळी येते! बोलणारे असतात, पण ऐकणारास तें कोठें सांपडतें हें ठाऊक नसतें. ही अडचण थोडक्या खर्चांत कशी दूर होते, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावयाचें आहे.

ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. पुढें २००६ मध्यें सेवाभावी संस्थांस लहान केंद्रें चालविण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त माण तालुक्यांत म्हसवड येथें 'माणदेशी तरंग' आणि तेलंगणांत झहीराबादजवळ माचनूर येथें 'संघम् रेडिओ' हीं केंद्रें २००८ सालीं सुरू झालीं, तीं या नियमांखालीं. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ति शंभर वॅटपर्यंत व मनोरा तीस मीटरपर्यंत असावा, असें ठरलें. इतक्या बळावर आवाज सुमारें दहा किलोमीटर जातो. शिवाय २००६ च्या नियमांप्रमाणें तासाला पांचच मिनिटें जाहिराती घेतां येत. अर्थात् मिळकत बेताची. मोठे फलक किंवा वर्तमानपत्रांतील जाहिराती यांचें नांवच नको. पण दहा किलोमीटर म्हणजे किती? सायकलीनें तासाभराचा रस्ता. ज्यांनीं ऐकावयाचें ते सर्व लोक पायीं भेटूं शकतात, आणि हें भाग्य मोठ्या केंद्रास नाहीं.

त्याच नियमांत आणखी एक अट होती: निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानें तयार व्हावे. कित्येकांस ही अट जाचक वाटते. माझ्या मतें हीच फुकटची दवंडी आहे. माचनूरचें केंद्र दलित शेतकरी स्त्रियांनीं चालविलें. शेतांतून बायका परततात म्हणून त्यांनीं प्रक्षेपणासाठीं सायंकाळीं सात ते नऊ ही वेळ निवडली, आणि बियाणें, तृणधान्यें, गाणीं हे विषय आपल्याच बोलींत मांडले. आतां असें समजा कीं, एखाद्या आजीबाईची जात्यावरची ओवी ध्वनिमुद्रित झाली. मंगळवारीं साडेसातला ती लागणार, एवढें कळतांच ती लेकीच्या सासरीं निरोप धाडते, शेजारणीस बजावते, नातवास यंत्रापाशीं बसविते. चाळीस माणसें जमविण्यास केंद्राला एक पैही पडत नाहीं. मात्र दिलेला वार व वेळ पाळलाच पाहिजे. ओवी मंगळवारीं लागली नाहीं, तर तींच चाळीस माणसें केंद्राची अपकीर्ति करीत हिंडतील. आणि आजीबाईचा झालेला हिरमोड कोण भरून देणार?

दुसरी गोष्ट आंकड्याची. केंद्राचें नांव कितीहि गोड असो, श्रोत्यास कांटा फिरवावयाचा असतो तो आंकड्यावर. म्हसवडचा आंकडा ९०.४. पिठाच्या गिरणीच्या, रेशन दुकानाच्या किंवा एस. टी. थांब्याच्या भिंतीवर, मालकाची परवानगी घेऊन, गेरूनें हातभर उंचीचा आंकडा काढावा. चहावाल्याच्या व न्हाव्याच्या दुकानांतील यंत्र त्या आंकड्यावर लावून द्यावें. पुष्कळांच्या मोबाईलमध्यें रेडिओ असतो, पण त्याला आवाज ग्रहण करण्यास तार लागते, व ती तार म्हणजे कानांत घालावयाच्या यंत्राची दोरी, हें त्यांस ठाऊक नसतें. आठवीच्या मुलानें बाजाराच्या दिवशीं दोन तास बसून लोकांना एवढेंच दाखविलें, तरी शंभर पत्रकांचें काम होईल.

तिसरा उपाय महाराष्ट्रांत पूर्वींच अजमावलेला आहे. १९५६ सालीं पुणें नभोवाणी केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पांच जिल्ह्यांत, सुमारें दीडशें खेड्यांतून श्रोतृमंडळें स्थापिलीं. आठवड्यांतून दोन वेळां गांवकरी एकत्र बसत, ऐकत आणि मग वाद घालीत; असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेनें त्याची पाहणी केली. जेथें मंडळ होतें तेथें लोकांच्या माहितींत मोठी भर पडली. जेथें नुसतें यंत्र होतें, मंडळ नव्हतें, तेथें भर फार थोडी. यंत्र दोन्ही ठिकाणीं होतें. फरक पडला तो लोक मिळून बसले म्हणून. देवळाच्या ओट्यावर दहाजण बसण्यास खर्च काय येणार? एक सतरंजी व चालकाचें थोडें चातुर्य. मंडळाचे प्रश्न लिहून केंद्राकडे गेले व पुढच्या वेळीं त्यांचें उत्तर आलें, म्हणजे तीं माणसें आपण होऊन ऐकावयास येतात.

इतकें करून लोक ऐकतात कीं नाहीं, हें कसें ओळखावें? कार्यक्रम चालू असतां एकानें बाजारपेठेंतून सावकाश चालत जावें, आणि किती दुकानांतून तोच आवाज येतो तें मोजून वहींत लिहावें. महिन्यानें त्याच वारीं, त्याच वेळीं, त्याच रस्त्यानें पुन्हां जावें.