नेता, पक्ष आणि चिन्ह : यवतमाळ-वाशिम मतदारसंघातील पक्षीय युक्तिवाद

'मत नेत्याचे की पक्षाचे' हा वाद वाशिम जिल्ह्यात प्रत्येक निवडणुकीत रंगतो. २०२४ मध्ये त्याला दुर्मीळ कसोटी लाभली. भावना गवळी १९९९ पासून सलग पाच वेळा शिवसेनेच्या खासदार झाल्या. प्रथम वाशिम व मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ पासून यवतमाळ-वाशिममधून. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण शिंदे गटास दिले. गवळी त्याच गटात होत्या. तरीही २०२४ च्या लोकसभेस उमेदवारी राजश्री पाटील यांना मिळाली आणि मशाल चिन्हावरील संजय देशमुख विजयी झाले.

चिन्हापेक्षा ठाकरे नाव प्रभावी ठरले, असे एक पक्ष म्हणेल. उमेदवार बदलल्याचा हा फटका, असे दुसरा. दोन्ही युक्तिवादांत देशमुखांना लाभलेल्या काँग्रेस व राष्ट्रवादीच्या (शरद पवार) पाठबळाचा हिशेब सोयीने गळतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गवळी रिसोड विधानसभेत काँग्रेसचे अमित झनक यांच्याकडून पराभूत झाल्या. उमेदवारी नाकारणे योग्यच होते, याचा पुरावा म्हणून हा निकाल पुढे करता येणार नाही. रिसोड वाशिम जिल्ह्यात असले तरी लोकसभेसाठी ते अकोला मतदारसंघात मोडते. ही कसोटी वेगळ्याच मतदारांपुढची होती.