पटवाऱ्याचें दप्तर आणि डेटाबेसचें शास्त्र

वर्धा जिल्ह्यांत पटवाऱ्याच्या दप्तराशीं ज्याचा संबंध आला नाहीं असा शेतकरी सांपडणें कठीण. सरकारी कागदांवर ‘तलाठी’ हा शब्द येऊन कैक वर्षें झालीं, तरी हिंगणघाट-आर्वीकडे लोकांच्या तोंडीं अजून पटवारीच आहे. ह्या दप्तराचा आणि सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकापुढें बसलेल्या विद्यार्थ्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, डेटाबेसची रचना व व्यवस्था हा जो विषय तो विद्यार्थी शिकतो, त्याचीं बहुतेक अवघड तत्त्वें ह्या दप्तरांत कागदावर उतरलेलीं आहेत. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें अध्यापन केलेले प्रा. सुदर्शन ज्याचे एक लेखक आहेत, तो ह्या विषयावरील ग्रंथ जगभर वाचला जातो. त्यांत विद्यापीठाचें उदाहरण घेतलें आहे. तें चांगलेंच आहे. पण वर्ध्याच्या मुलाला घरच्या पेटींतला सातबारा अधिक जवळचा.

डेटाबेस म्हणजे नीट रचून ठेविलेला माहितीचा सांठा. अनेकांनीं तो एकाच वेळीं वाचावा, अनेकांनीं त्यांत भर घालावी, आणि तरीहि त्यांत विसंगति शिरूं नये, अशी त्याची अट. खालच्या वर्गांत विद्यार्थी तक्ते करावयास आणि ‘एस्‌क्यूएल’ भाषेंत त्या तक्त्यांना प्रश्न विचारावयास शिकतो. तेवढें साधलें म्हणजे विषय हातीं आला असें त्याला वाटूं लागतें. वरच्या वर्गांतील विषय येथून पुढें सुरू होतो: कोणती गोष्ट कोणत्या तक्त्यांत लिहावी, दोघांनीं एकदम लिहिलें तर काय करावें, आणि लिहितां लिहितां यंत्र बंद पडलें तर काय व्हावें?

पहिल्या प्रश्नाच्या शास्त्राचा पाया एडगर कॉड ह्यानें घातला. आय. बी. एम. कंपनींत काम करीत असतां १९७० सालीं त्यानें एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या तक्त्यांच्या रूपानें मांडावी, आणि एका तक्त्याचें दुसऱ्याशीं असलेलें नातें त्यांत लिहिलेल्या मूल्यांवरूनच ओळखावें, असें त्यानें सुचविलें. तोंपर्यंत माहिती हुडकणाऱ्याला ती यंत्रांत कोणत्या वाटेनें ठेविली आहे हेंहि ठाऊक असावें लागे. १९८१ सालीं कॉडला ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

आतां सातबारा पाहूं. तो एक कागद दिसतो. वस्तुतः ते दोन नमुने आहेत. गांव नमुना सात हें अधिकारपत्रक: भूमापन क्रमांक, क्षेत्र, भोगवटादाराचें नांव, आणि ‘इतर हक्क’ ह्या सदरांत बोजे. नमुना बारा ही पिकांची नोंदवही. जमिनीचा धनी पिढीला एकदां बदलतो, पीक हंगामाला. दोन्ही एकाच तक्त्यांत ठेविलीं तर कपाशीच्या प्रत्येक ओळीबरोबर धन्याचें नांव पुन्हां लिहावें लागेल. पुढें तें बदललें कीं वीस ओळी दुरुस्त कराव्या लागतील, आणि त्यांतली एखादी राहून जाईल. ‘नॉर्मलायझेशन’ ह्या भारदस्त शब्दाचा अर्थ इतकाच कीं, एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी, आणि ती ज्यावर अवलंबून असेल त्याच्या शेजारीं लिहावी. विद्यार्थी ‘तिसरें रूप’, ‘बॉइस-कॉड रूप’ अशीं नांवें पाठ करतो. नांव हें जमिनीवर अवलंबून आहे कीं पिकावर, हा प्रश्न त्यानें स्वतःस विचारला नसेल तर तें पाठांतर फुकट आहे.

समजा, घरचा कर्ता वारला. मागें विधवा, दोन मुलगे आणि एक मुलगी राहिली. आतां एका भूमापन क्रमांकावर चार नांवें आलीं, आणि त्यांतल्या एकाचें नांव दुसऱ्या तीन शेतांवरहि आहे. कागदावर चार नांवें एका रकान्यांत दाटीनें लिहितां येतात, माणूस तीं वाचून घेतो. यंत्राला त्या रकान्यांत चार माणसें आहेत हें कळत नाहीं. म्हणून जमिनींचा एक तक्ता, खातेदारांचा दुसरा, आणि कोणाचा कोणत्या जमिनींत किती हिस्सा हें सांगणारा तिसरा, अशी मांडणी करावी लागते. नवशिका हा तिसरा तक्ता हटकून विसरतो. शिवाय खातेदार ओळखावयाचा तो क्रमांकानें; कारण एका गांवांत एकाच नांवाचे दोघे असतात, आणि एकाच माणसाचें नांव दोन कागदांवर दोन तऱ्हांनीं लिहिलेलें असतें. परीक्षेंत ह्या चुकीचे दोन गुण जातात. गांवांत त्या विधवेचें पीककर्ज अडतें, आणि सरकारी केंद्रावर कापूस घालावयाचा तर सातबारा पुढें करतां येत नाहीं.

नमुना आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या गांवांतील सर्व जमिनींचा उतारा. कागदावर तो निराळा लिहावा लागे, आणि मग सातवरचें क्षेत्र व आठ-अवरचें क्षेत्र जुळेना. यंत्रांत तो लिहून ठेवूंच नये. कोणी मागितला कीं सातवरून काढून द्यावा. अशा काढलेल्या तक्त्याला ‘व्ह्यू’ म्हणतात.

पण ह्या दप्तरांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी वही म्हणजे नमुना सहा, फेरफार नोंदवही. खरेदी, वारसा, वांटणी, जो बदल व्हावयाचा तो प्रथम येथें क्रमांक घालून नोंदला जातो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठीं पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग सातवर तिचा अंमल होतो. नव्या नांवाजवळ तो फेरफार क्रमांक वर्तुळांत लिहितात. जुनें नांव पुसून टाकीत नाहींत. त्याला कंस करतात. उद्यां सातचें पान वाळवीनें खाल्लें तरी फेरफार क्रमानें वाचीत गेल्यास तें पुन्हां उभें करतां येतें. मोठ्या डेटाबेसमध्यें हेंच काम ‘लॉग’ करतो: बदल आधीं लॉगमध्यें, नंतर तक्त्यांत. वीज गेली, यंत्र बंद पडलें, कीं सुरू होतांच तें लॉग वाचतें. पुरा झालेला व्यवहार पुनः लावून घेतें आणि अर्धवट राहिलेला उलटवून टाकतें. पांच एकरांतले दोन एकर विकले, ते एकाकडून कमी झाले पण दुसऱ्याकडे चढले नाहींत, अशी स्थिति क्षणभरहि टिकूं नये. व्यवहाराच्या ह्या कल्पनेला जिम ग्रे ह्यानें शास्त्राचें रूप दिलें. १९८१ च्या एका निबंधांत त्यानें तिचें मूळ कराराच्या कायद्यांत दाखविलें आहे. १९९८ सालचें ट्युरिंग पारितोषिक त्याला मिळालें.

सर्वांत बिकट प्रश्न एकाच वेळच्या कामांचा. सकाळीं बँकेचा अधिकारी बोजा नसलेला सातबारा पाहून कर्ज देतो. त्याच घटकेस दुसऱ्या कचेरींत तोच सातबारा पाहून खरेदीचें काम पुरें होतें. दोघांनीं पाहिलें तें खरें, दोघांनीं लिहिलें तेंहि नियमाला धरून. तरी परिणाम असा कीं, घेणाऱ्याला बोजाची वार्ता नाहीं आणि बँकेला विक्रीची. कामें एकामागून एक झालीं असतीं तर हें घडलें नसतें. म्हणून कामें एकदम चाललीं तरी अखेरचा निकाल कोणत्या तरी एका क्रमानें केल्यासारखा निघावा, अशी कसोटी शास्त्रानें ठरविली आहे. त्यासाठीं कुलूप घालतात. पण साऱ्या गांवाच्या नोंदींना कुलूप घातलें तर कचेरीबाहेर रांग लागेल, आणि एका ओळीलाच घातलें तर दोन कामें एकमेकांच्या कुलपाकडे पाहत खोळंबून बसतील. कुलूप किती मोठें व किती वेळ, ह्या हिशेबांतच वरच्या वर्गाचा बराच काळ जातो, आणि तो वायां जात नाहीं.

वर्ध्याच्या दप्तरांत आणखी एक धडा आहे, जो पुण्याच्या दप्तरांत मिळावयाचा नाहीं. येथली मालगुजारी १९५१ सालीं गेली. मध्यप्रदेशच्या १९५४ च्या संहितेनें ‘भूमिस्वामी’ व ‘भूमिधारी’ हे हक्क आणले. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें विक्रीचें बंधन नसलेल्या भूमिस्वाम्यास भोगवटादार वर्ग एक व भूमिधाऱ्यास वर्ग दोन ठरविलें. जुनें दप्तर यंत्रांत भरणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसेल, तर बंधन असलेली जमीन एका चुकलेल्या आंकड्यानें मोकळी दिसूं लागेल. यंत्र त्याला अडवणार नाहीं. एक आणि दोन हे दोन्ही आंकडे त्याला सारखेच चालतात.

यंत्राला बेरीज तपासतां येते, हिश्शांचें एकूण क्षेत्र जमिनीपेक्षां अधिक झालें तर तें नोंद नाकारूं शकतें. शेताच्या धन्याचें नांव बरोबर आहे कीं नाहीं हें तें सांगूं शकत नाहीं. संगणकावर चढलेल्या सातबाऱ्यांत आणि हस्तलिखितांत तफावत निघाली तेव्हां राज्यानें त्या दुरुस्त करण्याची मोहीम घेतली, आणि २०१७ सालीं ते उतारे गांवोगांव चावडीवर मोठ्यानें वाचून दाखविण्यांत आले. ज्याच्या नांवांत किंवा क्षेत्रांत चूक असेल त्यानें तेथेंच सांगावयाचें. पुढच्या वर्षीं, १ मे २०१८ पासून, डिजिटल सहीचे उतारे मिळूं लागले. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून नमुना बाराची पिकांची ओळ शेतकऱ्याला बांधावरूनच मोबाइलवर भरतां येऊं लागली.