‘गुलामगिरी’च्या पहिल्या पानावर अमेरिका कशाला?

दर वर्षी १ जानेवारीला खराडी बायपासवरून नगर रस्त्याने माणसांचा लोंढा कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाकडे निघतो. मानवंदना देऊन परतताना लेकराबाळांसह आलेली माणसे पुस्तकांच्या स्टॉलवर थांबतात. कुणी बाबासाहेबांचे चरित्र घेते, कुणी कॅलेंडर, कुणी महात्मा जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’. घरी येऊन पुस्तक उघडले की आरंभीच अर्पणपत्रिका लागते. पुण्याच्या जोतीरावांनी १८७३ साली हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या भल्या माणसांना. त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केले म्हणून!

शाळेत जाणारे पोर मग विचारते, “आपल्या पुस्तकात अमेरिका कशाला?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आपल्या प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे.

१६१९ साली आफ्रिकेतून पकडून आणलेली काही माणसे अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली. पुढे तंबाखूच्या आणि कापसाच्या शेतांवर गुलाम राबू लागले. १८६० साली त्यांची संख्या सुमारे ४० लाख होती. आईपासून लेकरू तोडून बाजारात विकले जाई. हे करणारे मालक रविवारी नेमाने चर्चमध्ये जात. शेजाऱ्यावर प्रेम करा, असे येशूने सांगितलेले. मग माणसाची खरेदी-विक्री कशी चालते?

मालकांना एक भीती होती. गुलामाने बाप्तिस्मा घेतला तर तो धर्मबंधू झाला. धर्मबंधूला गुलाम कसे ठेवायचे? १६६७ साली व्हर्जिनियाने कायदाच केला, की बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम हा गुलामच राहील. म्हणजे आत्म्याला मुक्ती, पण अंगावरची बेडी कायम!

मग धर्मोपदेशक पुढे सरसावले. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात नोहाने आपला नातू कनान याला दासपणाचा शाप दिल्याची कथा आहे. कनान हा हाम याचा मुलगा. काळे लोक हामचे वंशज, म्हणून ते जन्मजात दास, असे सांगण्यात आले. त्या कथेत कातडीच्या रंगाचा शब्दसुद्धा नाही! दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हा पौलाच्या पत्रातील उपदेश गुलामांना पुन्हा पुन्हा ऐकविला जाई. वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांसाठी तर १८०७ साली लंडनमध्ये निवडक बायबल छापले गेले. मोशेने इजिप्तमधून गुलामांना सोडवून नेले, ती कथाच त्यातून गाळली. १८४५ साली अमेरिकेच्या दक्षिणेतील बाप्टिस्टांनी वेगळी संघटना काढली, कारण गुलाम बाळगणाऱ्याला धर्मप्रचारक नेमावे की नाही यावर तंटा झाला होता. त्या संघटनेने गुलामगिरीला साथ दिल्याची माफी मागितली १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी!

पण याच धर्मात गुलामगिरीविरुद्ध उभी राहणारी माणसेही होती. पेनसिल्व्हेनियातील काही क्वेकरांनी १६८८ सालीच लेखी निषेध केला होता. आणि खुद्द गुलामांनी, मालकाने लपविलेली मोशेची कथा शोधून काढली व तिची गाणी केली.

मालक लोक घाबरत ते वाचनाला. १८३१ साली नॅट टर्नर या गुलामाने व्हर्जिनियात बंड केले. तो वाचायला शिकलेला उपदेशक होता. त्यानंतर दक्षिणेत गुलामांना शिकविण्याविरुद्धचे कायदे अधिक कडक झाले. फ्रेडरिक डग्लस लहानपणी गुलाम होता. मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागली. मालकाने ते बंद पाडले. शिकलेला गुलाम हाताखाली राहत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. डग्लसने गल्लीतल्या गोऱ्या पोरांना भाकरी देऊन अक्षरे शिकून घेतली. पुढे तो रविवारी इतर गुलामांना वाचायला शिकवू लागला. १८३८ साली तो पळाला आणि १८४५ साली त्याने आत्मकथा लिहिली. येशूचा धर्म निराळा आणि चाबूक मारणाऱ्या मालकांचा धर्म निराळा, हे त्याने त्यात ठणकावून सांगितले. अखेर युद्ध झाले. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांची मुक्तीची घोषणा अमलात आली आणि १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली.

जोतीरावांनी हे सारे पाहिले आणि आपल्या देशाकडे बोट दाखविले. मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो, की धन्याने सोडले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही. दास्य हा त्याचा स्वभावच आहे. व्हर्जिनियाचा कायदा यापेक्षा वेगळे काय म्हणत होता? तिथे गुलामाला अक्षरबंदी. इथे शूद्राला वेद ऐकण्याचीही बंदी. म्हणूनच जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून घाव नेमका कुलपावर घातला.

अमेरिकेतल्या गुलामांना त्यांच्या ग्रंथात निदान मोशे सापडला. मनुस्मृतीत शूद्रासाठी सुटकेची वाटच ठेवलेली नव्हती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन करविले, ते यासाठी. ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून काही मानू नका, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलेच होते.

बंधू-भगिनींनो, दुसऱ्यांच्या पोथ्यांकडे बोट दाखविणे सोपे आहे. आपल्या घरात काय चालते? दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईच्या हातात आपण पुस्तक देतो, की पुन्हा लाटणेच? मुलगा शिकतो तेवढी मुलगी शिकते का? पुस्तक फोटोशेजारी ठेवून हार घातला तर तेही कुलूपच झाले.

येत्या रविवारी जेवणे उरकली की ‘गुलामगिरी’ खाली काढा. धूळ झटका. अर्पणपत्रिका घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. त्याने विचारले, “अमेरिका कशाला?” तर आता उत्तर तुमच्याजवळ आहे.