न्हाण्याआधीचे तेल

नरक चतुर्दशीच्या पहाटे अंगाला व डोक्याला तेल चोळून मगच उटणे लावून स्नान करावयाचे, हा आपल्याकडील जुना परिपाठ. त्यात धर्माज्ञा किती आणि थंडीच्या तोंडावर कोरड्या पडणाऱ्या त्वचेची चिंता किती, याचा निवाडा अभ्यासकांनी करावा. घरोघरच्या आजीबाईंना असा प्रश्न कधी पडला नाही. आधी तेल, मग शिकेकाई किंवा रिठा, हा क्रम त्यांच्या हातांनाच ठाऊक होता आणि तो सणापुरता नव्हे, तर दर न्हाण्याला पाळला जाई. पुढे शाम्पूची पुडी खेडोपाडीच्या दुकानांतून लटकू लागली आणि तेल ही न्हाल्यानंतर, केस विंचरताना लावण्याची वस्तू होऊन बसली. काही घरांतून तर ती तीही राहिली नाही.

गंमत अशी की, आपण जो क्रम सोडून दिला, तोच सातासमुद्रापलीकडे नव्या नावाने मान्यता पावला आहे. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया त्याला ‘प्री-पू’ म्हणतात. शाम्पूच्या आधी केसांना तेल वा कंडिशनर लावून ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ‘शाम्पू’ हा शब्द तरी त्यांचा कुठे? तो हिंदीतील ‘चांपना’ या क्रियापदावरून इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्नानगृह काढून चंपीचा व्यवसाय एवढा वाढविला की, राजे चौथे जॉर्ज यांच्या सेवेत त्यांची नेमणूक झाली. चोळणे मागे पडून फेस तेवढा त्या शब्दाला पुढे चिकटला. असो.

कुरळ्या, विशेषतः स्प्रिंगप्रमाणे घट्ट वेटोळ्यांच्या केसांना हा क्रम इतका का मानवतो, हे समजण्यासाठी केसाची घडण थोडी पाहावी लागेल. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू. त्याच्या बाहेरील अंगास, छपरावरील कौलांप्रमाणे, एकावर एक चढलेले अतिसूक्ष्म खवले असतात. आत त्याला बळ देणारा गाभा असतो. सरळ केसाचा छेद बहुधा गोलाकार, तर कुरळ्या केसाचा लंबगोल, आणि त्याचे मूळही त्वचेत वाकलेले. टाळूतून स्रवणारा नैसर्गिक स्निग्धांश सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतो. वेटोळ्यांच्या वाटेने मात्र तो मध्येच अडून राहतो. त्यामुळे टाळू तेलकट आणि टोके गवतासारखी कोरडी, अशी विसंगती एकाच डोक्यावर नांदते. शिवाय प्रत्येक वळण ही ताणाची जागा असते. कंगवा तेथेच अडतो आणि केस तेथेच तुटतो. दिसावयास भरघोस असणारे हे केस वस्तुतः सर्वांत नाजूक असतात, ही गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही.

आता त्यांवर पाणी पडते. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो. तो फुगतो, खवले उचलले जातात. वाळला की पुन्हा आक्रसतो. दर न्हाण्याला होणाऱ्या या फुगण्या-आक्रसण्याने तंतू थकत जातो. शाम्पूतील फेस आणणाऱ्या द्रव्याचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला; त्या ओढाताणीत मळाबरोबर केसाचे उरलेसुरले स्निग्ध आवरणही वाहून जाते आणि चोळण्याने, विंचरण्याने थोडे प्रथिनही झिजते. न्हाण्यापूर्वी केसात तेल मुरलेले असेल, तर पाण्याला आत शिरावयास तेवढा अटकाव होतो. सारे रहस्य एवढेच.

परंतु कोणतेही तेल चालते काय? या प्रश्नाचे उत्तर मुंबईत शोधले गेले. खोबरेल तेलाच्या व्यवसायातील मॅरिको या कंपनीचे संशोधक ए. एस. रेळे व आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशा तिन्हींची तुलना करून २००३ साली एका अमेरिकी विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष प्रसिद्ध केले. केसातील प्रथिनांची झीज लक्षणीय प्रमाणात कमी करणारे तेल त्यांना एकच आढळले, ते खोबरेल; आणि धुण्यापूर्वी लावले असताही त्याचा गुण दिसून आला. खोबरेलात लॉरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. त्याचा रेणू आटोपशीर व सरळ साखळीचा, म्हणून तो केसाच्या आत शिरू शकतो. सूर्यफुलाच्या तेलाचे रेणू वाकडे व अवजड, तर खनिज तेलाला प्रथिनाचे आकर्षणच नाही. ते दोन्ही बाहेरच राहतात.

ज्याचा माल त्यानेच दिलेला दाखला आपण बँकेतील मंडळी सहसा डोळे मिटून स्वीकारीत नाही, आणि येथेही स्वीकारू नये. तेल आत शिरते हे प्रिन्स्टन येथील टेक्स्टाइल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००१ मध्ये उपकरणांच्या साह्याने दाखविले होते खरे, पण त्या कामातही याच कंपनीचा सहभाग होता. तरीही रेणूच्या आकाराचा युक्तिवाद पटण्याजोगा आहे आणि कोकण-केरळातील पिढ्यांचा अनुभव त्याच्या विरुद्ध जात नाही, एवढे म्हणता येईल.

आफ्रिकेत हे ज्ञान निराळ्या वाटेने आले. पश्चिम आफ्रिकेतील घाना, बुर्किना फासो या प्रदेशांत स्त्रिया शिया वृक्षाच्या बियांतील लोणी काढतात आणि त्वचेला व केसांना चोळतात. नामिबियातील हिंबा स्त्रिया लोणी व तांबडी गेरू यांचा लेप वेण्यांना देतात. गुलाम म्हणून अमेरिकेस नेलेल्यांचे हे सारे तुटले. स्वातंत्र्यानंतरही ‘चांगले केस’ म्हणजे सरळ केस, ही समजूत त्यांच्यावर लादलेली राहिली. १८६७ साली जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी केशसंवर्धनाची मलमे करून १९१० मध्ये इंडियानापोलिस येथे आपला उद्योग थाटला आणि हजारो स्त्रियांना विक्रीचे काम दिले, हा उद्योजकतेच्या इतिहासातील मोठा अध्याय होय. पण नैसर्गिक केसांनिशी नोकरीवर अथवा शाळेत जाण्याच्या हक्कासाठी कायदा व्हावयास २०१९ साल उजाडावे लागले; ‘क्राऊन ॲक्ट’ या नावाने तो प्रथम कॅलिफोर्नियाने केला व मागाहून इतर अनेक राज्यांनी उचलला.

हे सारे दूर देशीचे, असे मात्र समजू नये. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला इतिहासातून ठाऊक असतात. आजचे सिद्दी मात्र फार थोड्यांना. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, अंकोला या तालुक्यांच्या रानात त्यांची वस्ती आहे. यांतील अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकी गुलाम होते, असे मानले जाते. घरात कोकणी-मराठीच्या मिश्रणातून साकारलेली बोली, देवळात, चर्चमध्ये वा मशिदीत जाणारी निरनिराळी कुटुंबे, आणि डोक्यावर मात्र सर्वांच्या तेच घट्ट कुरळे केस. २००३ पासून या जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आहे.

या भागातील एका शाखेत माझी काही वर्षे नेमणूक होती. एका सकाळी एक सिद्दी बाई आपल्या मुलीला घेऊन आवर्ती ठेव मुदतीपूर्वी मोडावयास आल्या. कारण विचारणे हा आमच्या कामाचाच भाग. “मॅडम, पोरीचे केस सरळ करून घ्यायचेत,” त्या म्हणाल्या. “पुढल्या महिन्यात तिची मुलाखत आहे.” शहरातील एका पार्लरने चार हजार रुपये सांगितले होते. मुलगी ओढणी डोक्यावरून घेऊन मागे उभी होती. तिला विचारले, तेव्हा म्हणाली, “मॅडम, कॉलेजच्या फोटोवाल्यानं सांगितलं, तुझे केस चौकटीत बसत नाहीत.” खाते त्यांचे, पैसे त्यांचे. मुदतीपूर्वी मोडल्यास व्याज किती कमी मिळेल, ते मी सांगितले आणि अर्ज पुढे केला. दोघी खिडकीशी उभ्या राहून बराच वेळ बोलल्या आणि अर्ज न भरताच गेल्या.

त्या वेळी मला ठाऊक नव्हते, पण अशा रसायनांविषयीची शंका पुढे बळावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सुमारे ३३,००० स्त्रियांची दशकभर पाहणी करून २०२२ मध्ये जाहीर केले की, केस सरळ करण्याची उत्पादने वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण ती न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळले. सत्तर वर्षे वयापर्यंत हा रोग होण्याची शक्यता १.६४ टक्क्यांवरून ४.०५ टक्क्यांवर जाते, असा त्यांचा अंदाज. ही पाहणी आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

काही महिन्यांनी ती मुलगी शैक्षणिक कर्जाची चौकशी करावयास एकटीच आली. मुलाखतीत निवड झाली नव्हती. ती पुन्हा देणार होती. केस तिचेच होते, बारीक वेण्यांत घट्ट बांधलेले. माझे केसही कुरळे असल्याने बोलणे तिकडे वळले आणि तिच्या आईचा प्रघात तिने सविस्तर सांगितला. तो असा :

न्हाण्याच्या आदल्या संध्याकाळी, अथवा निदान अर्धा तास आधी, कोरड्या केसांचे चार भाग करावयाचे. खोबरेल तळहातांवर कोमट करून प्रथम टोकांना, मग मध्यापर्यंत लावावयाचे. टाळूवर अगदी थोडे. गुंता आधी बोटांनी, नंतर रुंद दातांच्या कंगव्याने, आणि नेहमी टोकांकडून मुळाकडे सोडवावयाचा. शिकेकाई वा शाम्पू टाळूपुरता. केसांच्या लांबीवरून वाहून जाणारा फेस तेवढाच त्यांना पुरेसा. केसांचा गोळा करून डोक्यावर घासावयाचा नाही. यात मी माझ्या अनुभवाची भर एवढीच घालीन की, फार रुक्ष केसांना तेलाऐवजी, किंवा तेलावरून, साधे कंडिशनर लावून अर्धा तास ठेवले तरी चालते. त्यातील धनभारित द्रव्ये ऋणभारित असलेल्या झिजलेल्या केसाला चिकटतात आणि केस निसरडे झाल्याने गुंता लवकर सुटतो.

टाळूला कोंडा व खाज असेल, तर मात्र रात्रभर तेल ठेवू नये. कोंड्याशी निगडित असलेली मालासेझिया ही बुरशी तेलातील स्निग्धाम्लांवरच पोसली जाते. तेव्हा तेल टोकांपुरते ठेवावे आणि त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. कपाळावर पुरळ येणाऱ्यांनी तेल केसांच्या रेषेपासून दोन बोटे मागे थांबवावे. उत्तर भारतात नेमणूक असलेल्या सहकाऱ्यांच्या बाटलीतील खोबरेल हिवाळ्यात गोठते, कारण ते २४ अंशांच्या आसपासच थिजू लागते. बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटे उभी करावी. विस्तवावर ठेवू नये.