सालीवरच्या रेघा: दुर्मीळ शैवाकांची ओळख
काळ्या मसाल्यातील दगडफूल हे शैवाक आहे, म्हणजेच बुरशी आणि शैवल यांच्या सहजीवनातून घडलेला जीव. त्याचे हे दुहेरी स्वरूप स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये मांडले. शैवाकांचे प्रकार ठिकाणानुसार बदलतात: जालना जिल्ह्यात, अगदी भोकरदन-जाफराबादकडील अजिंठा डोंगररांगांतही, सदाहरित अरण्य नाही आणि हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते, त्यामुळे तेथे मुख्यतः खडकाला खपलीसारखी चिकटलेली शैवाके शोधावी लागतात. सह्याद्रीच्या जुन्या वनांत मात्र, दीर्घकाळ सावली व ओलावा लाभलेल्या सालींवर, ग्राफिडेसी कुलातील शैवाके वाढतात आणि त्यांची बीजाणू निर्माण करणारी फळे काळ्या, वळणदार रेघांसारखी दिसतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील पी. जी. पटवर्धन व उर्मिला मखिजा यांनी या कुलातील अनेक नव्या जातींचे वर्णन केले, हे काम महाराष्ट्राने अभिमानाने जाणून घ्यावे असे आहे. जात केवळ रूपावरून ठरत नाही. बीजाणूंचे कप्पे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, शैवाकातील आम्ले रसायनांनी तपासून, नमुना संग्रहातील जुन्या नमुन्यांशी ताडावा लागतो. अशी शैवाके अतिशय सावकाश वाढतात; शिवाय जुना वृक्ष तुटल्यावर नव्या रोपाची साल त्यांना आधार देण्याजोगी होईपर्यंत कित्येक दशके जातात.