लाल वाइनची द्राक्षे व हवामान

एकाच बागेची लाल वाइन एका साली गडद, तर दुसऱ्या साली फिकी उतरते. याचे कारण बहुतांशी हवामान होय. या वाइनला रंग मिळतो तो सालीतून. गर बहुधा रंगहीनच असतो. म्हणून मण्यांत पाणी उतरल्यापासून तोडणीपर्यंतचे दिवस निर्णायक समजावेत.

नाशिक भागात हे दिवस बहुधा डिसेंबर ते मार्च या काळात येतात. दिवसा स्वच्छ ऊन व रात्री थंडी असल्यास साखर भरते, साल गडद होते आणि आम्लता टिकते. रात्री उबदार झाल्या की रंग व आम्लता दोन्ही घटतात. तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाल्यास मणी फुगून तडकतात व कूज शिरते. एरवी साखर २३-२४ ब्रिक्स होईपर्यंत थांबणे इष्ट. परंतु कूज पसरू लागल्यास थांबू नये. कुजके मणी कात्रीने काढून निरोगी घड लगेच तोडावेत.