होकायंत्राची परीक्षा

आम्हां मुरारकरांचा समुद्राशी संबंध तो काय, असे कोणी विचारील. परंतु गेल्या दसऱ्यास देवघराची दिशा ठरविताना एक नवल घडले. मोबाइलमधील होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ नेताच पूर्व दिशा चक्क बाजूला सरकली! गोव्यास शिडाच्या नौकेवर काम करणारा आमचा भाचा सुट्टीवर आला होता. तो हसून म्हणाला, "मामा, यंत्र बिघडलेले नाही, त्याला शेजार बाधतो. आमच्या नौकेवरही हेच होते."

त्याने सांगितले ते असे. नौकेवर इंजिन, नांगर, विजेच्या तारा यांमुळे सुई ढळते. या दोषास विचलन म्हणतात. नौकेचे तोंड वळले की दोषही बदलतो. म्हणून शांत पाण्यात नौका सावकाश पूर्ण फिरवून, दीपगृहासारख्या नकाशातील खुणांशी एकेक दिशा ताडून पाहतात. लहान चुंबक लावून दोष होईल तितका घटवितात आणि उरलेला तक्त्यात लिहून ठेवतात. इलेक्ट्रॉनिक दिशादर्शक इंजिनापासून दूर बसवितात. नौका संथ, एकसारख्या गतीने वर्तुळात फिरविली की भोवतालच्या चुंबकत्वाचा हिशेब तो स्वतःच करतो. मग त्याचा आकडा एखाद्या ज्ञात दिशेशी जुळवून घेतात. लोखंडी सामान हलले की परीक्षा पुन्हा!

एका अंशाची चूक क्षुल्लक भासते. परंतु साठ सागरी मैलांच्या प्रवासात नौका सुमारे एक मैल भरकटते. अंधाऱ्या रात्री खडकाळ किनाऱ्यालगत तो एक मैल प्राणांवर बेततो.

लोखंडाचा आणि विजेचा हा उपद्रव शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच ओळखला होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या, तेव्हा त्यांचा व्यत्यय टाळण्यासाठी १९०४ मध्ये अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यात आली. तेथील बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले.

दुसऱ्या पहाटे भाच्याने आम्हांस गच्चीवर नेले. मोबाइल आठाच्या आकड्यासारखा हवेत फिरवून त्याने उगवत्या सूर्याशी दिशा ताडून पाहिली. दसऱ्याच्या सुमारास सूर्य पूर्वेच्या किंचित दक्षिणेस उगवतो, तेवढा फरक धरता पूर्व बरोबर जुळली. देवघराची जागा ठरली.

तो परत निघाला तेव्हा आमच्या भगिनींनी लाडवांचा डबा त्याच्या हाती दिला आणि हळूच विचारले, "बोटीवरचे ते यंत्र तपासले आहेस ना रे?"